सिलिकोन जळतंच, पण त्याची राख कामाला येते

सिलिकोनला आग लागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, विकणारे पण बिनधास्त तसंच ठोकून देतात. खरं तर सिलिकोन रबरच्या पातळ पट्टीला ज्योत लावून धरली ना, की ती पेटते. सावकाश पेटते, ज्योत बारकी असते, पेटते थेंब गळत नाहीत, धूर पांढुरका येतो, पण पेटते हे नक्की. गंमत त्याच्या नंतर आहे. पॉलिथिनची तेवढीच पट्टी पेटवली तर ती वितळते, लोंबते, ठिबकते आणि शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही, आणि सिलिकोनच्या जागी मात्र पट्टीच्याच आकाराची पांढरीफटक राख उभी असते, बोट लावलं की भुगा होऊन पडते. आगीत टिकणाऱ्या सिलिकोनचा सगळा खटाटोप या राखेभोवती फिरतो, म्हणजे ती जास्त कशी उरेल, घट्ट कशी बसेल आणि तिला तडे कसे जाणार नाहीत. त्यात ज्या खनिज पावडरी घालतात त्यातल्या बऱ्याचशा याच कामासाठी.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना सरसकट सिलिकॉन म्हणून मोकळे होतो. कॉम्प्युटरच्या चिपमधलं सिलिकॉन हे मूलद्रव्य, राखाडी, चकचकीत आणि ठिसूळ. वाळूत असतं ते सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. आणि गास्केट, सीलंट, ओव्हनमधला लवचिक साचा हे ज्याचं बनतं ते सिलिकोन, ज्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन तर आहेतच शिवाय कार्बन आणि हायड्रोजनही आहेत. या लेखात मी मूलद्रव्याला सिलिकॉन आणि रबराला सिलिकोन असंच लिहिणार आहे. सिलिकोन हे नाव दिलं फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, नॉटिंगहॅमला काम करत असताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याला वाटलं होतं की याची रचना किटोन नावाच्या कार्बनी संयुगांसारखी असणार म्हणून सिलिकोन, नंतर कळलं की रचना तशी नाहीच, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. धंद्याच्या दृष्टीने खरी वाट मोकळी झाली १९४० मध्ये, जेव्हा जनरल इलेक्ट्रिकमधल्या युजीन रोचोने तांब्याचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ, वापरून सिलिकॉन आणि मिथाइल क्लोराइड यांची थेट रिॲक्शन करून दाखवली. आजही सिलिकोनचा कच्चा माल मुळात त्याच रस्त्याने येतो.

आता आग म्हणजे नेमकं काय ते बघू. प्लॅस्टिक स्वतः घनरूपात जळत नाही. मेणबत्ती आठवा, वात मेण वर ओढते, मेणाची वाफ होते आणि जळते ती वाफ. प्लॅस्टिकचंही तेच, उष्णतेने त्याच्या लांबलचक साखळ्या तुटतात, छोटे तुकडे वायू होऊन बाहेर पडतात, हवेतल्या ऑक्सिजनला भेटून पेटतात, त्या ज्योतीची थोडी उष्णता परत खाली प्लॅस्टिककडे जाते, आणखी साखळ्या तुटतात, आणखी वायू निघतो. रहाटगाडगंच आहे हे, एकदा फिरायला लागलं की बाहेरची ज्योत काढून घेतली तरी फिरत राहतं. आग अडवणारं कुठलंही मटेरियल घ्या, ते या रहाटाला कुठेतरी खीळ घालतं, एवढंच. कोणी ज्योतीतच घुसून रिॲक्शन मारतं, कोणी उष्णता गिळून टाकतं, कोणी वायू बाहेरच पडू देत नाही, तर कोणी वर जाड पांघरूण घालून खालच्याला उष्णता पोचू देत नाही.

ज्योतीत घुसणारं घराणं म्हणजे ब्रोमीन आणि क्लोरीनवाली रसायनं, बहुतेक वेळा अँटिमनी ट्रायऑक्साइडच्या जोडीने. काम एकदम चोख करतात, थोड्या प्रमाणात घातली तरी चालतं, म्हणूनच कित्येक दशकं टीव्हीच्या कव्हरपासून वायरपर्यंत सगळीकडे तीच होती. पण त्यातली काही पर्यावरणात वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जातात हे लक्षात आलं. युरोपच्या रोहस नियमाने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक मालातल्या काही ब्रोमीनवाल्यांवर मर्यादा घातली, अशा न संपणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत २००९ मध्ये पेंटा आणि ऑक्टा जातीचे ब्रोमिनेटेड इथर आले, २०१७ मध्ये डेकाही आला. शिवाय क्लोरीनवालं मटेरियल जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं, जो पाण्याशी मिळून ॲसिड होतो, डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो आणि आगीतून वाचलेली यंत्रंही नंतर गंजून जातात. भुयारी रेल्वे, जहाज, विमान असल्या बंद जागेत धूर हाच मोठा शत्रू असतो, त्यामुळे हॅलोजन, म्हणजे हे क्लोरीन-ब्रोमीनचं घराणं, नसलेल्या मटेरियलची मागणी वाढली आणि सिलिकोन आणि खनिजं यांचे दिवस आले.

सिलिकोनकडे जन्मापासूनच काही गोष्टी जमेच्या आहेत. त्याच्या साखळीचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन असा आळीपाळीने जोडलेला असतो, म्हणजे वाळूचीच दोरी वळल्यासारखी. या जोडाला तोडायला मोलमागे साधारण ४५० किलोजूल लागतात, नेहमीच्या प्लॅस्टिकमधला कार्बन-कार्बन जोड साधारण ३५० मध्ये तुटतो. दुसरं म्हणजे इंधनच कमी. दर सिलिकॉनला दोन मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचे झुपके, लोंबत असतात, जळण्यासारखं आहे ते तेवढंच, कणा आधीच ऑक्सिजनला बांधलेला असल्यामुळे त्याच्यात जळायला फार काही शिल्लक नाही. म्हणून किलोमागे उष्णता निघते ती साधारण २७ मेगाजूल, पॉलिथिनची चाळिशीच्या बरीच पुढे जाते.

आणि राखेचा हिशोब तर आणखी मस्त आहे, कागदावर करून बघा. अणुभारांच्या हिशोबात सिलिकोनच्या साखळीतल्या एका कडीचं वजन ७४, त्यातून मिथाइल जळून गेले आणि सिलिकॉन पूर्ण सिलिका झालं तर त्याचं वजन ६०. म्हणजे शंभर ग्रॅम सिलिकोनमागे ८१ ग्रॅम सिलिका उरायला हवी! कुठल्याही प्लॅस्टिकला जमणार नाही असा आकडा.

पण तसं होत नाही, आणि का होत नाही हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. सिलिकोनची साखळी फार लवचिक असते. साडेतीनशे-चारशे अंशांच्या आसपास तापली की साखळीचं टोक मागे वळतं, स्वतःच्याच पाठीला चावा घेतं आणि तीन किंवा चार कड्यांची छोटी बांगडी तुटून बाहेर पडते. केमिस्ट लोक याला बॅकबायटिंगच म्हणतात. या बांगड्या हलक्या, तीन कड्यांची १३४ अंशाला उकळते आणि चार कड्यांची १७५ ला, आणि आजूबाजूला तर चारशे अंश आहेत, मग त्या कशाला थांबतायत. भर्रकन वायू होऊन ज्योतीत जातात आणि तिथे जळतात. जो पांढरा धूर दिसतो तो म्हणजे ज्योतीत तयार झालेली बारीक सिलिका, जी खाली राख म्हणून बसायला हवी होती ती वर उडून गेली. नुसतं सिलिकोन तेल पेटवलं तर म्हणूनच राख अगदी थोडी उरते. वर मटेरियलमध्ये ॲसिड किंवा अल्कलीचा नुसता अंश जरी राहिला असेल, कारखान्यात साखळी बनवताना वापरलेल्या कॅटॅलिस्टचा उरलासुरला, तरी हे चावाचावीचं काम बरंच कमी तापमानाला सुरू होतं. त्यामुळे कच्चा माल किती स्वच्छ धुतलाय ही गोष्ट आगीच्या बाबतीतही महत्त्वाची, हे ब्रोशरवर कधीच छापलेलं नसतं.

मग करायचं काय तर बांगड्या सुटू द्यायच्या नाहीत. साखळ्या एकमेकींना जागोजागी गाठी मारून बांधल्या, म्हणजे क्रॉसलिंक केल्या, की टोक फिरायला जागा मिळत नाही. हवेत तापताना मिथाइल गट ऑक्सिजनने खाल्ले जाऊन आपोआप थोड्या गाठी पडतातच, पण आगीत तेवढा वेळ मिळत नाही. इथे एक अफलातून पात्र येतं, प्लॅटिनम. दागिन्यातलं तेच. सिलिकोन रबर पक्कं करायला म्हणजे क्युअर करायला प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट तसाही वापरतात, दहा लाख भागात काही भाग एवढाच. लोकांच्या लक्षात आलं की प्लॅटिनमने क्युअर केलेलं, किंवा मुद्दाम थोडं जास्त प्लॅटिनम घातलेलं रबर आगीत वेगळं वागतं, बांगड्या कमी सुटतात, गाठी जास्त पडतात, राख जास्त उरते. सोबत टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, असलं तर परिणाम आणखी वाढतो. दहा लाखात थोडेसेच भाग घालून आग विझते हे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण कॅटॅलिस्ट म्हणजे काय तर स्वतः न संपता काम करत राहणारा मुकादम, त्यामुळे चिमूटभर पुरतो.

दुसरा साथीदार फ्युम्ड सिलिका. सिलिकोन रबर नुसतं घेतलं तर इतकं लिबलिबीत असतं की नखाने तुटेल, त्याला ताकद येते ती या अतिबारीक सिलिकामुळे, म्हणून रबरच्या कंपाउंडमध्ये ती असतेच. आगीत ती दुसरी नोकरी करते. वरचा थर जळत जातो तशी ही सिलिका आणि सिलिकोनमधून आलेली नवी सिलिका मिळून पृष्ठभागावर थर साचवतात, खालचा वायू अडतो, ज्योतीची उष्णता अडते.

हे मोजतात कसं तर कोन कॅलरीमीटरवर, जो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये विकसित झाला. नमुन्यावर वरून ठरावीक उष्णता टाकायची, ठिणगी द्यायची आणि जळताना किती ऑक्सिजन संपला ते मोजायचं. कुठलंही नेहमीचं मटेरियल जळो, एक किलो ऑक्सिजन संपला की साधारण १३.१ मेगाजूल उष्णता निघते, या एका गोष्टीवर ते यंत्र उभं आहे, आणि मला तरी ही आगीच्या विज्ञानातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते. पॉलिप्रॉपिलीनचा उष्णतेचा शिखर-आकडा चौरस मीटरला हजार किलोवॅटच्या वर सहज जातो, सिलिकोन रबरचा साधारण शंभर-दीडशेच्या घरात राहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वरून टाकलेली उष्णता वाढवली की बाकीची प्लॅस्टिकं आणखी भडकतात, सिलिकोनचा आकडा मात्र फारसा हलत नाही. राखेचं पांघरूण म्हणतात ते हेच.

आता खनिजांकडे येऊ. यातली राणी म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, इंडस्ट्रीत सगळे एटीएच म्हणतात. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम बनवताना मधल्या टप्प्यात हीच पांढरी पावडर मिळते. तिची बहीण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, एमडीएच. या दोघींना तुम्ही आधीच ओळखता, ॲसिडिटीच्या पातळ औषधाच्या बाटलीवर घटक वाचलेत तर बहुतेक वेळा याच दोघी असतात. पोटातली आग आणि बाहेरची आग, दोन्हीकडे यांनाच बोलावतात, कारणं मात्र अगदी वेगळी.

एटीएचच्या स्फटिकात पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं, वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के. पावडर हाताला कोरडी ठणठणीत लागते पण २०० अंशाच्या पुढे तापली की ते पाणी वाफ होऊन सुटायला लागतं आणि ही वाफ काढायला भरपूर उष्णता खर्च होते, ग्रॅममागे हजार जूलच्या वर. शंभर ग्रॅम एटीएचने जेवढी उष्णता गिळली तेवढ्यात नळाचं साधारण साडेतीनशे मिली पाणी उकळीला आलं असतं. वर ती वाफ ज्योतीतल्या जळणाऱ्या वायूला पातळ करते, आणि मागे उरतो ॲल्युमिनियम ऑक्साइड, जो जळत नाही आणि राखेत भर घालतो. एका पावडरीत तीन कामं. एमडीएचमध्ये पाणी थोडं कमी, ३१ टक्के, पण ते ३०० अंशाच्या पुढे सुटतं.

हा शंभर अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण कारखान्यात सगळं त्याच्यावर ठरतं. पॉलिप्रॉपिलीन मशीनमध्ये दोनशेच्या वरच वितळवून चालवावं लागतं, तिथे एटीएच घातलं तर पाणी मशीनमध्येच सुटून मालात बुडबुडे होतात, म्हणून तिथे एमडीएच. सिलिकोन रबर मात्र रोल मिलवर जवळपास गारच मळतात आणि क्युअरिंगही दोनशेच्या खालीच होतं, त्यामुळे एटीएच आरामात चालतं. फक्त नंतर बरेच जण सिलिकोनचे पार्ट २०० अंशाला चार तास ओव्हनमध्ये ठेवतात, पोस्ट-क्युअर म्हणतात त्याला, तिथे जपावं लागतं, नाहीतर आगीसाठी राखून ठेवलेलं पाणी ओव्हनमध्येच थोडं खर्च होतं. शिवाय सुटलेली वाफ कोंडून राहिली तर गरम सिलिकोनची साखळीच तोडते. म्हणजे इथे वाफ मित्रही आणि शत्रूही.

या खनिजांची मोठी अडचण म्हणजे लागतात फार. ब्रोमीनवाल्यासारखं थोडक्यात भागत नाही. हॅलोजन नसलेल्या केबलच्या आवरणात एटीएच किंवा एमडीएच वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत किंवा त्याच्याही वर घालतात, म्हणजे ती खरं तर प्लॅस्टिकने चिकटवलेली खनिज पावडर झाली. एवढं कोंबलं की मटेरियल जड होतं, कडक होतं, वाकवलं की पांढरं पडतं, तुटतं. म्हणून पावडरीच्या कणांना आधी सिलेनचा हात देतात, सिलेन म्हणजे एका टोकाला खनिज धरणारा आणि दुसऱ्या टोकाला रबर धरणारा मध्यस्थ रेणू. त्याने बराच फरक पडतो, तरीही फाटण्याची ताकद कमी होतेच, ती किंमत द्यावी लागते.

खनिज भरणं आणि न भरणं यातला फरक किती भयंकर असू शकतो हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवलं. १४ जून २०१७ ला तिथे आग लागली आणि ७२ माणसं गेली. इमारतीच्या बाहेरून लावलेल्या पॅनेलमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलिथिनचा गाभा होता. तसंच दिसणारं, पण गाभ्यात मुख्यतः खनिज भरलेलं पॅनेलही बाजारात मिळतं. बाहेरून दोघांत काही कळत नाही.

सिलिकोन आणि एटीएचची जोडी आणखी एका ठिकाणी रोज दिसते, हाय व्होल्टेजच्या टॉवरवरचे ते छत्र्या-छत्र्यांचे लांब इन्सुलेटर. पूर्वी चिनीमातीचे किंवा काचेचेच असायचे, आता बरेच सिलिकोन रबरचे असतात. धूळ आणि ओलावा बसून पृष्ठभागावर बारीक ठिणग्या उडतात, त्या ठिणग्यांनी साध्या प्लॅस्टिकवर कोळशाची काळी रेघ पडते, आणि कोळसा वीज वाहून नेतो, म्हणजे हळूहळू शॉर्टचा रस्ता तयार. सिलिकोनची राख सिलिका, ती वीज वाहत नाही, आणि एटीएच त्या ठिणगीची उष्णता खातं. आगीसाठी शोधलेलं औषध इथे विजेच्या दुखण्यावर चालतं.

राख वीज वाहत नाही हा मुद्दा पुढच्या गोष्टीचा पाया आहे, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा रेंगाळतो. समजा इमारतीत आग लागलीये. अलार्म, धूर ओढणारे पंखे, इमर्जन्सी दिवे, पाण्याचा पंप, हे सगळं आगीतच चालू राहायला हवं. म्हणजे त्यांच्या केबल आगीत असतानाही वीज गेली पाहिजे. तांबं १०८५ अंशाला वितळतं, त्यामुळे तार टिकेल, पण तारेवरचं आवरण जळून गेलं की दोन तारा एकमेकींना टेकणार आणि खेळ खल्लास. सिलिकोन रबरचं आवरण जळलं तरी सिलिकाची नळी तारेभोवती उरते, वीज अडवते, पण सुरुवातीला म्हटलं तसं ती राख भुसभुशीत असते. केबल थोडी हलली, वरून काही पडलं, फवाऱ्याचं पाणी आलं की गळून पडते.

यावर उपाय कुंभाराच्या भट्टीतला आहे. सिलिकोनमध्ये अशी खनिजं मिसळायची की आग लागली की आगीनेच त्यांची चिनीमाती भाजली जावी. याला सिरॅमिफाइंग सिलिकोन म्हणतात. सांगाडा म्हणून अभ्रकाच्या पापुद्र्या किंवा वोलास्टोनाइट, म्हणजे सुईसारख्या कणांचं कॅल्शियम सिलिकेट. आणि चिकटवायला कमी तापमानाला मऊ होणारी काचेची पूड, फ्रिट म्हणतात तिला, कधी झिंक बोरेट पण. आता तापमान चढत जातं तसं काय होतं बघा. चारशे-पाचशे अंशाला सिलिकोन तुटायला लागतं, रबराची पकड सुटते, इथेच सगळं कोसळायची भीती असते. बरोबर त्याच वेळी काच मऊ होऊन पाझरायला हवी आणि सिलिकाच्या, अभ्रकाच्या कणांना चिकटवून धरायला हवी. मग आठशे-नऊशेच्या पुढे हे सगळं एकमेकांत भाजून निघतं आणि तारेभोवती कडक, वाजवली तर टणटण करणारी सिरॅमिकची नळी तयार होते. घरात बसवताना मऊ रबर, आगीत गेलं की चिनीमाती.

सगळी कसरत त्या मधल्या हातमिळवणीत आहे. काच उशिरा वितळली तर राख आधीच ढासळलेली असते. लवकर आणि जास्त वितळली तर नळी ओघळते. भाजताना आकुंचन पावली तर तडे जातात आणि तड्यातून शॉर्ट होतो. आणि एक छुपा सापळा म्हणजे कमी तापमानाला वितळणाऱ्या काचेत बऱ्याचदा सोडियम-पोटॅशियम असतात, लाल गरम अवस्थेत त्यांचे आयन हलायला लागतात आणि काच स्वतःच थोडी वीज वाहायला लागते. म्हणजे ताकदीसाठी फ्रिट वाढवावी तर इन्सुलेशन घसरतं. रेसिपी जमवणारा माणूस या दोन दगडांवर पाय ठेवून उभा असतो.

या केबलची परीक्षा पण तशीच खडूस आहे. बीएस ६३८७ या ब्रिटिश स्टँडर्डमध्ये सगळ्यात कडक जी पातळी आहे तिला सीडब्ल्यूझेड म्हणतात. सी म्हणजे केबलमध्ये वीज चालू ठेवून ९५० अंशाच्या ज्योतीत तीन तास. डब्ल्यू म्हणजे ६५० अंशाला पंधरा मिनिटं आणि मग ज्योत तशीच ठेवून वरून पाण्याचा फवारा आणखी पंधरा मिनिटं. झेड म्हणजे ९५० अंशाला पंधरा मिनिटं आणि दर तीस सेकंदांनी ठोका. शॉर्ट झाला की नापास. पाणी आणि ठोके का, हे आता सांगायला नको.

आत्तापर्यंत सिलिकोनमध्ये खनिज घालण्याबद्दल बोललो, उलटंही करतात, दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये थोडं सिलिकोन घालायचं. जपानच्या एनईसी कंपनीच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पॉलिकार्बोनेटसाठी खास सिलिकोन बनवलं, फांद्या फुटलेली साखळी आणि मिथाइलसोबत फिनाइल गट. फिनाइलमुळे ते पॉलिकार्बोनेटमध्ये नीट मिसळतं आणि आग लागली की पृष्ठभागाकडे सरकून तिथे कोळसा आणि सिलिकाचा मिश्र थर बांधतं. काही टक्केच लागतं, त्यामुळे प्लॅस्टिकची मूळ ताकद जात नाही. बोरेआलिस कंपनीचं कॅसिको नावाचं केबल मटेरियल आणखी साधं आणि मला विचाराल तर जास्त हुशार, त्यात इथिलीन-ॲक्रिलेट प्लॅस्टिक, खडूची पूड आणि थोडं सिलिकोन. आगीत ॲक्रिलेट तुटून ॲसिड होतं, ते खडूशी भिडून कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याने वितळलेलं मटेरियल फुगून फेस होतो आणि सिलिकोन त्या फेसाला काचेसारखा कडकपणा देतं. एरवी खडू म्हणजे माल स्वस्त करायला घातलेली भर, इथे तोच कामाचा गडी.

आता लेबलवरचे आकडे कसे वाचायचे ते थोडक्यात, कारण इथे भरपूर फसगत होते. यूएल ९४ या अमेरिकन टेस्टची व्ही-० ही श्रेणी सगळ्यात जास्त मिरवली जाते. त्यात उभ्या पट्टीला खालून छोटी ज्योत दहा-दहा सेकंद दोनदा लावतात, प्रत्येक वेळी ती दहा सेकंदांत विझली पाहिजे आणि पेटते थेंब पडून खालचा कापूस पेटता कामा नये. म्हणजे मेणबत्तीएवढ्या ज्योतीपुढे हे मटेरियल स्वतःहून विझतं, एवढंच ते सांगतं. खोली पेटली तर काय होईल ते त्यात नाही. शिवाय ही श्रेणी जाडीसकट असते, तीन मिलीमीटरला व्ही-० मिळालेलं मटेरियल एक मिलीमीटरला नापास होऊ शकतं, आणि जाडी न छापता नुसतं व्ही-० लिहिलं असेल तर सरळ विचारा.

दुसरा आकडा एलओआय, जळत राहायला हवेत कमीत कमी किती टक्के ऑक्सिजन लागतो तो. हवेत २१ टक्के असतो, पॉलिथिनचा एलओआय १७-१८ म्हणून ते मजेत जळतं, साधं सिलिकोन रबर पंचविशीच्या आसपास, खनिजं घातलेलं तिशीच्या पुढे. पण ही टेस्ट साध्या खोलीच्या तापमानाला होते आणि खऱ्या आगीत आजूबाजूचं सगळं आधीच तापलेलं असतं, त्यामुळे २८ आला म्हणून निर्धास्त व्हायचं कारण नाही. शिवाय या टेस्टमध्ये पट्टी मेणबत्तीसारखी वरून खाली जळते, खरी आग खालून वर चढते.

आणि सध्या या सगळ्या विद्येची खरी परीक्षा चाललीये ती इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत. तिथे एक सेल बिघडला की आपल्याच उष्णतेने तापत जातो, शेजारच्याला तापवतो आणि तो त्याच्या शेजारच्याला. सेलच्या मधल्या फटीत सिलिकोनचा फोम, वरच्या झाकणाच्या आतून सिरॅमिफाइंग सिलिकोनचा किंवा अभ्रकाचा थर, असं आता वापरलं जातं. काम आग विझवायचं नाही, कारण सेलच्या आत जे चाललंय ते बाहेरून विझत नाही. काम आहे शेजारच्या सेलपर्यंत उष्णता पोचायला उशीर करायचं, म्हणजे गाडीतली माणसं उतरतील. पण इथे केबलसारखी शांत ज्योत नसते, फुटलेल्या सेलमधून गरम वायूचा झोत निघतो आणि त्यात धातूचे, ग्रॅफाइटचे तापलेले कण असतात, म्हणजे ज्योत आणि वाळूचा मारा एकत्र. सिलिकाची नुसती राख त्यात क्षणात उडून जाते, फ्रिटला वितळून पकड घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून काचेच्या धाग्याचं कापड मध्ये घालून त्याच्यावर सिलिकोन चढवतात, कापड राखेला धरून ठेवतं आणि राख कापडाला वाचवते.